ससूनांच्या घरातली पंडिता

ससून म्हटलं की पुणेकराला सरकारी इस्पितळ आठवतं आणि मुंबईकराला कुलाब्याची मासळीची गोदी. मी शाळेत इतिहास शिकवत असे तेव्हा एका मुलीने भाबडेपणाने विचारलं होतं, “बाई, ससून म्हणजे इंग्रजीत आजारी का हो?” वर्ग हसला, मीही हसले. पण तिचं काही चुकलं नव्हतं. नाव पाटीवर चढलं की माणूस विसरला जातो, आणि बायका तर पाटीवरही क्वचितच चढतात. डेव्हिडचं वाचनालय, अल्बर्टची गोदी, जेकबची शाळा आणि गिरण्या, सगळी पुरुषांची नावं. याच घराण्यात एक बाई अशी होऊन गेली की जिने नवऱ्यामागे सात वर्षं मुंबईची पेढी चालवली आणि पुढे लंडनमध्ये रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, घडवणाऱ्या महाविद्यालयात उभं राहून तालमुदावर, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रावर, भाषण केलं. तिचं नाव फरहा. विलायतेत तिला फ्लोरा म्हणत. जन्म मुंबईत १८५९ साली, मृत्यू लंडनला १४ जानेवारी १९३६ रोजी.

मी स्वतः बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी; शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात बोलणं मराठी, प्रार्थना हिब्रू, आणि मटण नारळाच्या दुधातलं, कारण मांसाबरोबर दूध आम्हाला चालत नाही. बगदादी ससूनांशी आमचं नातं धर्माचं होतं, सोयरिकीचं नव्हतं. त्यामुळे या बाईबद्दल लिहिताना मला तिचं कौतुकही वाटतं आणि थोडं अंतरही जाणवतं. दोन्ही लपवत नाही.

गोष्ट बगदादपासून सुरू करावी लागते. अठराव्या शतकाच्या शेवटी बगदादच्या तुर्की पाशांच्या खजिन्याचा कारभार शेख ससून बेन सालेह नावाच्या ज्यू गृहस्थाकडे होता. आपल्याकडे पेशव्यांच्या दरबारात सावकारांना जो मान असे तसा तिथे या माणसाला होता. शिवाय बगदादच्या ज्यू समाजाचा तो प्रमुख. दाऊद पाशाच्या अमदानीत मात्र दिवस फिरले. खंडणी, कैद, धमक्या सुरू झाल्या. शेखाचा मुलगा डेव्हिड जीव वाचवून निसटला, बसऱ्यावरून इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहर बंदरात गेला. म्हातारा बापही मागून आला आणि १८३० मध्ये तिथेच वारला. डेव्हिडच्या अंगरख्यात मोती शिवलेले होते असं सांगतात. खरं असो वा नसो, निर्वासिताच्या गोष्टीत असे मोती हवेतच. १८३२ च्या सुमारास डेव्हिड बायकामुलांसह मुंबईत उतरला तेव्हा तो चाळिशीचा होता.

या माणसाला अरबी, हिब्रू, फारसी, तुर्की येत होतं. हिंदुस्थानी तो इथे शिकला. इंग्रजी मात्र अखेरपर्यंत आली नाही. १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेताना त्याने सही हिब्रू अक्षरांत केली. चित्रांतून दिसतो तो पागोटं आणि झगा घातलेला, पांढऱ्या दाढीचा बगदादी शेठ. त्याला दोन बायकांपासून आठ मुलगे झाले आणि त्याने ते मोहऱ्यांसारखे पटावर मांडले: कुणी शांघायला, कुणी हाँगकाँगला, कुणी लंडनला. सगळ्या पेढ्यांमधला पत्रव्यवहार बगदादी अरबीत, पण हिब्रू लिपीत चाले. वाटेत कुणी पाकीट फोडलं तरी भाव कळायचा नाही. ही पत्रं आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांत कापसाचे भाव आणि घरातली लग्नं एकाच शाईने लिहिलेली आहेत.

आणि अफूचे भावही. हे गाळून ससूनांचा इतिहास लिहिता येत नाही. माळव्यातल्या संस्थानांत पिकलेली अफू मुंबई बंदरात येई, सरकार तिच्यावर पेटीमागे कर घेई आणि ती चीनला जाई. ससूनांनी शेतातलं पीक उभं असतानाच उचल देऊन माल बांधून घ्यायला सुरुवात केली आणि १८७० च्या दशकापर्यंत जार्डीन मॅथेसनसारख्या जुन्या इंग्रज कंपनीला या धंद्यातून मागे सारलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाने मुंबईवर सोन्याचा पाऊस पाडला, त्यातही ससूनांचं पात्र भरलं. पुण्याचं इस्पितळ, भायखळ्याचं सिनेगॉग, पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ म्हणतात ते सिनेगॉग, हे सगळं याच पैशातून उभं राहिलं. डेव्हिड १८६४ मध्ये पुण्यात वारला. त्याची समाधी लाल देवळाच्या आवारातच आहे. इस्पितळात बरे होऊन गेलेल्या पुणेकरांची गणती नाही, आणि अफूने खंगलेल्या चिनी माणसांचीही नाही. दोन्ही बाजू एकाच वहीत मांडलेल्या आहेत.

फरहा या डेव्हिडची पणती. तिची आई अझीझा ही डेव्हिडच्या थोरल्या मुलाची, अल्बर्ट अब्दुल्लाची लेक. वडील एझेकिएल गब्बाय हे व्यापारी. सुखवस्तू बगदादी घरात मुलीला शिवण, थोडी इंग्रजी आणि सणावारांपुरती प्रार्थना आली की पुरे असे. फरहाच्या घरी वेगळं घडलं. तिला शिकवायला बगदादहून रब्बी आणले होते. हिब्रू, अरॅमाइक, अरबी आणि हिंदुस्थानी तिला आत्मसात झाल्या; इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आलंच. बायबल नुसतं वाचायचं नाही, तर अकराव्या शतकातल्या राशी या फ्रेंच ज्यू भाष्यकाराच्या टीकेसह वाचायचं, अशी तिची तालीम झाली. आपल्याकडे गीता पाठ असणं वेगळं आणि शांकरभाष्यासह लावता येणं वेगळं, तसंच हे.

हे किती विरळा होतं ते समजायचं तर बगदादकडे पाहावं. तिथे आलियान्स या फ्रेंच ज्यू संस्थेची मुलांची शाळा १८६४ मध्ये निघाली, मुलींची निघायला १८९३ साल उजाडलं. तोवर फरहा तीन मुलांची आई होती. पण त्याच भूमीत जुन्या काळी विदुषी झाल्या होत्या. बाराव्या शतकात रेगेन्सबर्गच्या पेताहिया नावाच्या प्रवाशाने बगदादला पाहिलेली गोष्ट नोंदवली आहे: तिथल्या ज्यू विद्यापीठाच्या प्रमुखाची मुलगी बायबल आणि तालमूद जाणते आणि बायबल शिकवते, पण ती आत खिडकीशी बसते आणि विद्यार्थी खाली अंगणात, तिला कुणी पाहू शकत नाही. सतराव्या शतकात मोसुलला आसेनाथ बर्झानी या बाईने नवऱ्यामागे पाठशाळा चालवली. अशा बायका शतकातून एखादी. बाकीच्या वेळी खिडकी बंद.

इथे मला राहवत नाही म्हणून एक तुलना करते. फरहाच्या एकच वर्ष आधी, १८५८ मध्ये, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरी पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. घरातल्या बायकांना संस्कृत शिकवल्याबद्दल त्या बापाला समाजाचा रोष सोसावा लागला. फरहाच्या वाट्याला हे आलं नाही. तिच्या घराण्याकडे पैसा होता आणि पैशाला विद्याव्यासंग हा शोभेचा दागिना वाटतो, निदान सुरुवातीला. रमाबाईंनी विद्येच्या जोरावर आपला धर्म तपासला आणि सोडला. फरहाने त्याच विद्येच्या जोरावर आपला धर्म घट्ट धरला. रमाबाईंवर ग्रंथ निघाले. फरहाचं नाव मात्र मुंबईत कुणी घेत नाही.

१८७६ मध्ये तिचं लग्न झालं, ते आजोबांच्या सावत्र भावाशी. डेव्हिडच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा सॉलोमन तिच्याहून अठरा वर्षांनी मोठा. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण पैसा आणि धर्म दोन्ही घरात राखायचे तर सोयरिकीचं वर्तुळ लहान ठेवायचं हा रिवाजच होता. सॉलोमन स्वतः धर्मनिष्ठ आणि पेढीत बुडालेला. अल्बर्ट आणि इतर भाऊ एकेक करून विलायतेला गेले, तिथल्या राजपुत्राच्या बैठकीत बसू लागले, आणि मुंबईचा गाडा सॉलोमनच्या खांद्यावर आला. १८९४ च्या मार्च महिन्यात तो वारला. मागे फरहा आणि तीन मुलं: राहेल, डेव्हिड आणि मोझेल.

रूढ वाट अशी होती की विधवेने हिस्सा घेऊन बाजूला बसावं आणि लंडनहून कुणी तरी दीर यावा. फरहाने कारभार स्वतःकडे घेतला. डेव्हिड ससून आणि कंपनीच्या मुंबई शाखेची सूत्रं १८९४ पासून १९०१ पर्यंत तिच्या हातात होती. चीन, इराणचं आखात, लंडन अशा ठिकठिकाणी पसरलेल्या व्यापारी जाळ्याचं एक टोक सांभाळणारी बाई त्या काळात विरळाच.

आणि ती सांभाळायला बसली तो काळही मोठा बिकट. अफूवर नेमलेलं रॉयल कमिशन १८९३-९४ मध्ये हिंदुस्थानात येऊन साक्षी घेऊन गेलं होतं आणि १८९५ मध्ये त्याचा अहवाल आला. कमिशनने व्यापार बंद करायची शिफारस केली नाही, पण या धंद्याचे दिवस भरत आले हे जाणत्याला कळत होतं. १९०७ मध्ये इंग्लंड आणि चीन यांच्यात ठरून दहा वर्षांत तो आटोपता घ्यायचं ठरलं. फरहाने अफूचा धंदा सोडला नाही. पेढीचा मोठा भाग त्या धंद्यावर उभा होता. तालमूद वाचणाऱ्या बाईला हे खटकलं नसेल का, असं माझे विद्यार्थी विचारतील. मी एवढंच सांगेन की तिच्या घराण्याने तो व्यापार कायदेशीर मानला आणि कायदा करणारं सरकार त्यातून कर घेत होतं. कायदेशीर म्हणजे स्वच्छ असं मात्र नव्हे.

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मांडवीत प्लेगची पहिली प्रकरणं सापडली आणि मुंबई ओस पडू लागली. गिरण्यांचे कामगार गावाकडे पळाले. पुढचं आपल्याला पाठ आहे: पुण्याची ती तपासणी, चापेकर, रँड. मुंबईत त्याच वेळी वाल्डेमार हाफकिन हा मूळचा ओदेसाचा ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःच्या दंडात टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. लोक घाबरत होते. सुईतून धर्म बाटेल, इंग्रज मारायला बसलेत, अशा वावड्या उठत होत्या. हाफकिनच्या टोचणीसाठी लोकांचं मन वळवणाऱ्यांत फरहा होती. हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांत. हिंदुस्थानी बोलणारी, घरंदाज, विधवा बाई हे काम करू शकली. गोऱ्या डॉक्टरला ते जमलं नसतं.

१९०१ मध्ये ती मुंबई सोडून लंडनला गेली. पेढीचं त्याच सुमारास खाजगी मर्यादित कंपनीत रूपांतर झालं आणि कारभार विलायतेतल्या नातेवाइकांच्या हाती गेला. धाकट्या मोझेलच्या प्रकृतीसाठी लंडनचे डॉक्टर हवे होते हेही एक कारण. ज्या कुटुंबाने बगदाद सोडलं त्याच्या चौथ्या पिढीतल्या बाईने बेचाळिसाव्या वर्षी मुंबई सोडली. पणजोबा जीव वाचवायला निघाले होते. ही स्वतःच्या खर्चाने, लवाजम्यासह निघाली. पण परकं शहर ते परकंच.

लंडनमधले ससून तोवर बरेचसे इंग्रज झाले होते. अल्बर्टला सरदारकी मिळाली होती, त्याचा मुलगा एडवर्ड रॉथशील्डांचा जावई आणि पार्लमेंटचा सभासद होता. दुसऱ्या एका शाखेतल्या आल्फ्रेडने शिल्पकारांच्या ख्रिस्ती घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं तेव्हा त्याच्या आईने त्याच्या नावाने सुतक पाळलं असं सांगतात. त्याच जोडप्याचा मुलगा पुढे पहिल्या महायुद्धाचा मोठा कवी झाला, सीगफ्रीड ससून. आल्फ्रेडची बहीण राहेल बीअर हिचा जन्म १८५८ मध्ये मुंबईचाच. ती लंडनला वाढली, ख्रिस्ती झाली आणि ‘ऑब्झर्व्हर’ आणि ‘संडे टाइम्स’ या दोन साप्ताहिकांची संपादक झाली. ड्रेफस या निरपराध ज्यू फ्रेंच अधिकाऱ्यावरच्या देशद्रोहाच्या प्रकरणातल्या खऱ्या गुन्हेगाराची कबुली १८९८ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ने छापली ती तिच्याच कारकिर्दीत. मुंबईत वर्षभराच्या अंतराने जन्मलेल्या या दोन मुली. एकीने घराण्याची चौकट मोडून नाव काढलं, दुसरीने चौकटीच्या मधोमध बसून. दोघींपैकी कोण जास्त धीट हे ठरवायच्या भरीस मी पडत नाही.

फरहाचं घर मेफेअरमध्ये, ३२ ब्रूटन स्ट्रीट. याच रस्त्यावर १७ नंबरच्या घरात १९२६ साली पुढची राणी एलिझाबेथ जन्मली. अशा वस्तीत फरहाच्या घरी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, काटेकोर पाळला जाई, स्वयंपाक कोशर, म्हणजे धर्मनियमांप्रमाणे. प्रवासाला निघाली तरी तिच्यासोबत दहा प्रौढ ज्यू पुरुष असत, कारण सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुषांचा मिनयान लागतो. आणि सोबत स्वतःचा शोहेत, म्हणजे धर्माच्या नियमांनी जनावर कापणारा माणूस. आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडात आचारी आणि भटजी असतात, पण ते दोन दिवसांपुरते. फरहा जिथे जाई तिथे छोटं बगदादच उतरे. श्रीमंती होती म्हणून हे शक्य झालं, हे उघडच आहे. पण बाकीच्या ससूनांकडेही श्रीमंती होती, त्यांनी ती घोड्यांच्या शर्यतींवर आणि मेजवान्यांवर उधळली.

१९१० मध्ये ती मुलगा डेव्हिड आणि मोझेल यांना घेऊन पूर्वेला निघाली. बगदादलाही गेली. पणजोबांनी जीव मुठीत धरून सोडलेलं शहर पणती मानाने पाहत होती. डेव्हिडने या प्रवासाचं वर्णन हिब्रूत लिहून ठेवलं.

आणि मग १९२४. लंडनच्या ज्यूज कॉलेजात रब्बी तयार होत. तिथल्या वार्षिक समारंभाचं अध्यक्षपद त्या वर्षी फरहाकडे आलं. तोवर त्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून कुणी बाई बसली नव्हती. ती नुसती बक्षिसं वाटून थांबली नाही. हिब्रू आणि अरॅमाइक अवतरणं देत तालमुदाच्या अंगाने तिने प्रवचन केलं. समोर दाढीवाले विद्वान, होऊ घातलेले रब्बी, आणि पासष्टीची, मुंबईत जन्मलेली विधवा त्यांना शास्त्र सांगते आहे. बाराव्या शतकातली बगदादची ती मुलगी खिडकीच्या आत बसली होती. फरहा व्यासपीठावर उभी राहिली. १९३० मध्ये तिने राशीवर इंग्रजीत लेख लिहिला, तो न्यूयॉर्कच्या ‘ज्यूइश फोरम’ या मासिकात आला. लहानपणी बगदादी रब्बीने मुंबईत ज्याची टीका शिकवली त्याच राशीवर.

पण तिचं खरं काम मला तिच्या मुलात दिसतं. डेव्हिड सॉलोमन ससून १८८० मध्ये मुंबईत जन्मला. आठ वर्षांचा असताना त्याने आपला पतंग देऊन एका मुलाकडून एक पुस्तक घेतलं असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. ते होतं बायबलमधल्या रूथच्या कथेचं अरबी भाषांतर, १८५९ मध्ये मुंबईत छापलेलं, म्हणजे त्याच्या आईच्या वयाचं. मुंबईत त्या काळी बगदादी लोकांची छापखान्यातली बरीच उलाढाल चाले. हिब्रू लिपीतल्या अरबीत ‘दोरेश तोव लेअम्मो’ नावाचं शिळाछाप पत्रही १८५५ ते १८६६ निघत होतं. संक्रांतीच्या सुमारास मुंबईच्या पोराने पतंग द्यायचा म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. ज्या घरात आई पोथी वाचते त्याच घरात पोर असा सौदा करतं.

पुढे त्याने आयुष्य हस्तलिखितं जमवण्यात घालवलं. १९३२ मध्ये दोन खंडांत त्याची सूची निघाली, तिचं नाव ‘ओहेल दाविद’, म्हणजे जे पुण्याच्या लाल देवळाचं नाव तेच. हजाराहून अधिक हस्तलिखितांचा तपशील तिच्यात आहे. चौदाव्या शतकात एलिशा क्रेस्कसने सोळा वर्षं खपून लिहिलेलं फरही बायबल त्याच्याकडे होतं, दमास्कसची जुनी तोरा, म्हणजे बायबलचे पहिले पाच ग्रंथ, होती. १९२९ मध्ये त्याने सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वीचं, जवळजवळ संपूर्ण हिब्रू बायबल साडेतीनशे पौंडांना विकत घेतलं. त्याला १०५३ क्रमांक दिला. पुढे वारसांना करापायी संग्रहातले ग्रंथ विकावे लागले. २०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात हे १०५३ क्रमांकाचं बायबल ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेलं आणि तेल अवीवच्या संग्रहालयात पोचलं. लिलावाची बातमी जगभर गाजली तेव्हा ‘कोडेक्स ससून’ हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. मुंबईच्या पतंगाचा उल्लेख मला कुठे दिसला नाही.

घराण्याच्या पैशाचं काय झालं? दुसऱ्या शाखेतल्या व्हिक्टर ससूनने शांघायला १९२९ मध्ये टोलेजंग हॉटेल बांधलं. १९४९ मध्ये चीनमध्ये राज्य बदललं आणि तिथलं सगळं गेलं. मुंबईच्या गिरण्या विकल्या गेल्या. फरहाची थोरली मुलगी राहेल कलकत्त्याच्या डेव्हिड एझ्रांना दिली होती, तिथलं वैभवही ओसरलं. मोझेल आईआधीच, १९२१ मध्ये गेली. पण फरहाच्या मुलाचा मुलगा सॉलोमन डेव्हिड ससून, जन्म १९१५, तो रब्बी झाला, विद्वान म्हणून नावाजला. बगदादच्या खजिनदाराचा वंश पैशाने सुरू झाला आणि फरहाच्या बाजूने विद्येवर येऊन थांबला.

आता आमच्याबद्दल. बगदादी मंडळी मुंबईत आली तेव्हा बेने इस्राएल इथे शेकडो वर्षं राहत होते. १८३६ मध्ये मुंबईच्या बगदाद्यांनी सरकारकडे अर्ज केला की कबरस्तानात आमच्या आणि या लोकांच्या कबरींमध्ये भिंत घाला. आम्ही पुरेसे शुद्ध ज्यू नाही असा त्यांचा समज होता. पुण्यातही लाल देऊळ १८६७ चं असताना बेने इस्राएलांनी रास्ता पेठेत १९२१ मध्ये आपलं वेगळं सिनेगॉग उभारलं. आम्हाला हिब्रू शिकवायला बगदादहून रब्बी आले नाहीत. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं, त्यावर आमची एक पिढी शिकली. माझ्या आजीला हिब्रू अक्षर लावता येई, अर्थ मराठीत कळे. तरी आमच्यातही विदुषी झाल्या. डॉक्टर जेरुशा झिराड १९१९ मध्ये लंडनची एम.डी. होऊन आल्या, कामा इस्पितळाच्या प्रमुख झाल्या, आणि १९२५ मध्ये मुंबईत ज्यू धर्मसुधारणेची संस्था स्थापणाऱ्यांतही होत्या. फरहा ब्रूटन स्ट्रीटला होती त्याच काळात जेरुशाबाई लंडनला शिकत होत्या. एकीला घराण्याने शिकवलं, दुसरी सरकारी शिष्यवृत्तीवर शिकली. ज्या विद्येला बापाचा पैसा लागत नाही तिचा मला जास्त अभिमान आहे, हे कबूल करते.

फरहाकडून घ्यायचं ते एकच, आणि ते तिच्या मुलाने आठव्या वर्षी दाखवलं. त्याने पुस्तक मौल्यवान म्हणून घेतलं नाही. मुंबईतल्याच छापखान्यातलं, तीसेक वर्षांचं जुनं पुस्तक होतं ते. आमच्याकडेही तसंच धन होतं. १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर निघालेला मराठी हगादा, म्हणजे पेसाहच्या, वल्हांडणाच्या सणाला वाचायची पोथी, १८७४ चा पुण्याचा हगादा, ज्याच्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून पेसाहची बिनखमिराची रोटी करताहेत, आणि १८८० नंतर आमच्या लोकांनी रचलेली मोशे आणि योसेफ यांच्यावरची मराठी कीर्तनं. यांतलं बरंचसं आमचे लोक इस्राएलला गेले तेव्हा मागे टाकलं गेलं, रद्दीत गेलं, वाळवीने खाल्लं. पुण्या-मुंबईत, ठाण्यात, अलिबाग-पेणला अजून काही घरांच्या माळ्यावर असे गठ्ठे असतील. घर विकायला काढण्याआधी, रद्दीवाल्याला बोलावण्याआधी ते उघडून पाहा. वाचता येत नसलं तरी फेकू नका. ज्यांना वाचता येतं अशांपर्यंत, एखाद्या ग्रंथालयापर्यंत ते पोचवा.